बा. भ. की ब. भ.?

गेल्या चवथीला मूळ घरी सगळे जमलो होतो. दुपारची जेवणं आटोपून मोठी माणसं सोप्यावर लवंडली होती. तेवढ्यात आठवीत शिकणारा भाचा लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ येऊन बसला.

"मामा, म्हापसा ह्या शब्दात अक्षरं किती?"

"तीन. म्हा, प, सा."

"पायथन सात म्हणतो."

शाळेत त्यांना कोडिंग आहे. गावाचं नाव विचारायचं आणि त्यात किती अक्षरं आहेत ते सांगायचं, असा प्रोग्राम सरांनी लिहायला दिला होता. ह्याने गावाचं नाव देवनागरीत टाइप केलं. सात हा आकडा बघून सर म्हणाले, "देवनागरीत गडबड होते, तू इंग्लिशमधून लिही." इंग्लिशमधून सहा आले, ते स्पेलिंगशी जुळले, वहीवर बरोबरची खूण झाली. विषय मिटला.

माझ्या मते तो मिटायला नको होता. सरांना दोष देत नाही, त्यांना जे पुस्तक मिळालं ते त्यांनी शिकवलं. पण "देवनागरीत गडबड होते" हे वाक्य तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात कायमचं बसतं, आणि ते खोटं आहे.

ज्यांना प्रोग्रामिंगचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. संगणकाच्या भाषांत मजकुराला स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंग म्हणजे माळ, एकामागून एक ओवलेल्या चिन्हांची. लांबी मोजणं, पहिलं चिन्ह काढणं, माळ उलटी करणं, दोन माळा सारख्या आहेत का ते बघणं, हे नवशिक्याचे पहिले धडे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे माळेतला एक मणी, त्यामुळे हे धडे सरळ जातात. आपल्याकडे एका अक्षरात दोन, तीन, चार मणी असतात. 'म्हापसा' संगणकात असा साठवलेला असतो: म, हलन्ताची खूण, ह, काना, प, स, काना. झाले सात. पायथन मणी मोजतो आणि ते अचूक मोजतो. अक्षरं मोज असं त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तोच शब्द सी भाषेच्या जुन्या पद्धतीने मोजला तर उत्तर २१ येतं, कारण युटीएफ-८ ह्या आज सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक मणी तीन बाइट घेतो.

म्हणजे एकाच शब्दाच्या तीन लांब्या, ३, ७ आणि २१. तिन्ही बरोबर. तुम्हाला काय मोजायचं आहे त्यावर उत्तर ठरतं.

गंमत म्हणजे मराठी माणसाला ह्यात नवीन काही नाही. आपल्या छंदशास्त्रात हेच चाललेलं आहे. अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं मोजतात, तिथे जोडाक्षर एकच धरतात. मात्रावृत्तात लघुगुरू बघून मात्रा मोजतात, 'म्हापसा'च्या होतात पाच. व्याकरणाच्या तासाला वर्ण वेगळे करतात, म् ह् आ प् अ स् आ, ते सात. (इथे सात जुळले तो योगायोग. पणजीचे वर्ण सहा, पायथनचे मणी चार.) जी मुलं मराठीच्या तासाला एकच शब्द तीन तऱ्हांनी मोजतात, त्यांनाच संगणकाच्या तासाला "तुमच्या लिपीत गडबड आहे" असं सांगायचं?

आता उलटापालट बघा. नवशिक्यांच्या प्रत्येक पुस्तकात शब्द उलटा करायचा प्रोग्राम असतो. 'म्हापसा' उलटा केला की पडद्यावर 'ासपाह्म' असं काहीतरी येतं. पहिल्या काान्याला टेकायला व्यंजन नाही म्हणून तो ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो. मग दुसरा धडा, शब्द उलटसुलट सारखा आहे का ते ओळखा. 'नयन' दिलं तर प्रोग्राम होय म्हणतो. 'नवीन' दिलं तर नाही म्हणतो, कारण उलटं करताना वेलांटी 'व'वरून 'न'वर जाते आणि 'नीवन' तयार होतं. शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेलं 'रामाला भाला मारा' हे वाक्यसुद्धा त्याच्या हिशेबी नापास.

मला सगळ्यात झोंबलं ते आद्याक्षरांचं. नावाचं पहिलं अक्षर काढा, हा तसा अगदी बाळबोध धडा. भाच्याला म्हटलं, "बाळकृष्ण भगवंत बोरकर असं घाल." उत्तर आलं 'ब. भ. बोरकर'. आमचे बाकीबाब ब. भ. झाले! पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे प. ल. झाले, आणि विष्णु वामन शिरवाडकर व. व. पहिला मणी तेवढा उचलला, काना, उकार, वेलांटी मागे राहिली. हसून आमची पोटं दुखली खरी, पण उद्या हीच मुलं बँकेची, रेशन कार्डाची, इस्पितळाची सॉफ्टवेअर लिहिणार आहेत. अक्षर आणि मणी ह्यांतला फरक त्यांना कुणी दाखवलाच नाही, तर नाव कापताना ती कुठेही कात्री चालवतील.

तुम्ही म्हणाल, कोडिंग इंग्रजीतच चालतं, हा मराठीचा हट्ट कशाला? हट्ट मुळीच नाही. आज्ञा खुशाल इंग्रजीत राहू देत. मी म्हणतो ते माळेत काय ओवायचं त्याविषयी. आणि ह्या प्रश्नात मराठी आणि कोंकणी दोघी एकाच होडीत आहेत, देवनागरी दोघींची. तेव्हा तो जुना वाद इथे कुणी काढू नये.

हे सगळं आपल्यावर कुणी परक्याने लादलं असंही नाही. यूनिकोडमधली देवनागरीची मांडणी आपल्याच देशात १९८८ साली ठरलेल्या इस्कीवर बेतलेली आहे. व्यंजन, मग हलन्त, मग व्यंजन, ही रचना आपल्या वर्णमालेच्या जाणकारांना पटेल अशीच आहे. उणीव राहिली ती पुढच्या पायरीवर. वापरणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं ते एक कसं धरायचं ह्याचे यूनिकोडचे सर्वसाधारण नियम आहेत, पण त्यांत 'क्ष'सारखी देवनागरी जोडाक्षरं अखंड धरायला २०२३ साल उजाडावं लागलं. त्याआधी त्या नियमांनी 'क्ष'चे दोन तुकडे पडत. इतक्या कोटी लोकांची लिपी, आणि इतकी वर्षं! मागणारे कमी पडले असं मला वाटतं. मागणारे शाळेतूनच यायला हवेत.

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून अक्षरं मोजायचा प्रोग्राम लिहिला. युक्ती साधी आहे. माळेतला एकेक मणी बघत जायचा. व्यंजन किंवा स्वर असेल तर एक मिळवायचा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार असेल तर सोडून द्यायचं. व्यंजनाच्या लगेच आधी हलन्त असेल तर तेही मोजायचं नाही, कारण ते आधीच्याला जोडलेलं आहे. 'म्हापसा'त व्यंजनं चार, त्यातला 'ह' हलन्तामागून आलेला, म्हणून तीन. सत्तरी तीन, फोंडा दोन, काणकोण चार. इंग्रजी पुस्तकातल्या "शब्दात स्वर किती" ह्या प्रश्नापेक्षा हा धडा कितीतरी सरस आहे. ह्यात फेरा आहे, अट आहे, मागचा मणी लक्षात ठेवणं आहे, आणि उत्तर बरोबर आहे की नाही हे आजीलाही बोटांवर मोजून सांगता येतं. आजीने तसं सांगितलंही.

मग तिनेच शब्द सुचवला, 'किनाऱ्यावर'. उत्तर पाच आलं, बरोबर. पण माझ्या जुन्या लेखातून तोच शब्द उचलून भाच्याने दोन्ही सारखे आहेत का विचारलं, तर पायथन नाही म्हणाला. दिसायला हुबेहूब. मणी मोजले तर एकात दहा, दुसऱ्यात अकरा. एकात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह होतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा एक जोडमणी. माझ्याच लेखात शोध घेताना अर्धे 'किनारे' का सापडत नव्हते ते मला त्या दिवशी कळलं. भाचा म्हणाला, हे सरांना दाखवतो. मी म्हटलं, जरूर दाखव, आणि बा. भ. सुद्धा दाखव.