ठेवी आमच्या, बाके रिकामी

कळंबच्या बाजारात विळे, खुरपी, कुऱ्हाडी विकणारा एक लोहार आमच्या ओळखीचा आहे. भात्यापुढे आयुष्य भाजून त्याने मुलीच्या लग्नासाठी तीन लाख रुपये जमविले व ते एका पतसंस्थेत ठेविले. व्याज बँकेपेक्षा जास्त, आणि रोजचे शंभर-पन्नास रुपये दुकानावर येऊन नेणारा पोरगा गावचाच. मग विश्वास कसा न बसावा? एके सकाळी संस्थेच्या दारास कुलूप दिसले. संचालकांचे फोन बंद. लोहार पोलिसांत गेला, निबंधकांच्या कचेरीत गेला, पुढाऱ्याच्या वाड्यावर गेला. प्रत्येकाने त्यास दुसऱ्याचे दार दाखविले.

हा एकट्याचा दाखला नव्हे. शेजारच्या बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट 2023 साली बंद पडली तेव्हा मराठवाड्यातील लाखो ठेवीदारांच्या तोंडचे पाणी पळाले. आणि आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेची कथा तर आणखी जुनी. 2002 साली होम ट्रेड नावाच्या दलाल कंपनीकडे सरकारी रोखे घ्यावयास म्हणून त्या बँकेचे सुमारे 30 कोटी रुपये गेले. पैसा गेला, रोखे काही आले नाहीत. त्या कंपनीच्या जाहिरातीत देशातले नामांकित क्रिकेटपटू व सिनेनट झळकत होते! नागपूरच्या जिल्हा बँकेचे ह्याच कंपनीपायी सव्वाशे कोटी बुडाले. तेथील तत्कालीन अध्यक्षांस शिक्षा झाली ती 2023 च्या डिसेंबरात, म्हणजे एकवीस वर्षांनी, आणि तीही प्रकरण वरच्या कोर्टात जाण्यापुरती. पुढे ढोकीचा तेरणा कारखाना बंद पडला व त्यास दिलेले आपल्या बँकेचे कर्ज अडकून बसले. ऊस घालणारा शेतकरी तोच, बँकेचा सभासदही तोच. दोन्हीकडून तोच नागवला.

आता देशाच्या मोठ्या पेढ्या संकटात येतात तेव्हा काय होते ते पाहा. 5 मार्च 2020 रोजी येस बँकेचे व्यवहार रोखण्यात आले. खातेदारास 50 हजारांवर रक्कम काढण्याची बंदी झाली. लगेच योजना तयार, लगेच मंजुरी, स्टेट बँकेने आपला पैसा ओतला, आणि 18 मार्चला बंदी उठली. तेरा दिवस! बारशाचा दिवसही यापेक्षा फार अलीकडे येत नाही. ह्याच्या आधी सहा महिने, सप्टेंबर 2019 मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक बुडाली होती. तिच्या खातेदारांस आरंभी सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. ती बँक दुसरीत विलीन व्हावयास 2022 चा जानेवारी उजाडला, आणि ज्यांच्या ठेवी पाच लाखांवर होत्या त्यांस बाकीचा पैसा दहा वर्षांच्या हप्त्यांनी देऊ असे सांगण्यात आले. रिझर्व्ह बँक एक, देश एक, कायद्याचे पुस्तकही एकच. मग एकीस तेरा दिवस आणि दुसरीस सव्वादोन वर्षे का?

सरकारी बँकांचेही तसेच. बड्या कर्जदारांनी त्या पोखरल्या, तेव्हा ऑक्टोबर 2017 मध्ये सरकारने 2 लाख 11 हजार कोटी रुपयांचे भांडवल देण्याचे जाहीर केले. पैकी 80 हजार कोटींच्या रोख्यांसाठी जानेवारी 2018 मध्ये संसदेची मंजुरी मागितली गेली. ह्या रोख्यांची करामत आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. सरकार बँकेस रोखा विकते, बँकेचाच पैसा घेते आणि तोच पैसा भांडवल म्हणून बँकेस परत देते. जसे काही पेढीवाल्याकडून उसने घेऊन त्याच्याच पेढीत भागीदार व्हावे! त्या रोख्यावरचे व्याज मात्र दरसाल सरकारी खजिन्यातून जाते, आणि खजिना भरतो तो डिझेल, साबण, चप्पल घेणारा माणूस. डिसेंबर 2022 मध्ये अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले की पाच वर्षांत बँकांनी 10,09,511 कोटी रुपयांची कर्जे हिशेबातून काढून टाकली. ही माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असेही त्या म्हणाल्या. ठीक आहे, तसेच मानू. पण 2017 च्या कर्जमाफीत दीड लाखाच्या सुटीसाठी आमच्या शेतकऱ्यास बायकोसह संगणकापुढे अंगठा लावण्यास रांगेत उभे केले होते. हिशेबातून निघालेल्या बड्या कर्जदारांपैकी किती जण सपत्नीक रांगेत उभे राहिले?

कोणी म्हणेल, मोठ्या बँका बुडू द्याव्या काय? आम्ही तसे म्हणत नाही. आमच्या विधवांचे पेन्शन व पोरांची शिष्यवृत्ती त्याच बँकांत येते. त्या तारल्या हे बरेच झाले. तक्रार ती नाही. तक्रार ही की आमच्या पैशाची पाळी येते तेव्हा सभागृहास वेळ नसतो.

22 सप्टेंबर 2020 हा दिवस ध्यानात ठेवा. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढविणारे विधेयक त्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाले. शेतीच्या कायद्यांवरून झालेल्या भांडणामुळे विरोधकांचा बहिष्कार होता, बाके रिकामी होती, आणि सुमारे साडेतीन तासांत सात विधेयके पार पडली. वाटून पाहिले तर एकेकास अर्धा तास! आमच्या ग्रामसभेत एका हातपंपावर याहून जास्त वेळ जातो. नंतर मल्टिस्टेट संस्थांच्या कायद्याची दुरुस्ती आली. ती 25 जुलै 2023 रोजी लोकसभेत मणिपूरवरून चाललेल्या गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. मणिपूरचा प्रश्न लहान होता असे नव्हे. परंतु एकदा रिकाम्या बाकांपुढे, एकदा गोंगाटात, असे आमच्या पुंजीचे कायदे झाले. आजारी संस्था सावरण्यासाठी त्या दुरुस्तीत एक निधी घातला आहे. त्यात भरणा कोणी करावयाचा? ज्या मल्टिस्टेट संस्था सतत तीन वर्षे नफ्यात आहेत त्यांनी, नफ्याचा शेकडा एक किंवा एक कोटी, यांत कमी असेल तितका. येस बँकेस स्टेट बँक धावली, सरकारी बँकांस खजिना धावला. आमची संस्था आजारी पडली तर शेजारच्या गरिबाच्या संस्थेने धावावे!

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. बँकेतील ठेवीस पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ते एकच लाख होते. सहकारी बँकेसही हा विमा लागू आहे. पतसंस्थेस तो नाही, मल्टिस्टेट पतसंस्थेसही नाही. पाटीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे ते न पाहता, ही बँक आहे की पतसंस्था, एवढे विचारून मगच पैसा टाकावा. लोहारास हे कोणी सांगितले नव्हते, आणि सांगावयास हवे होते ते निबंधकांच्या कचेरीने.

आता थोडे आपल्या लोकांसही बोलतो, राग मानू नये. ब्रिटिश मुलखात 1904 साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तो सावकाराच्या तावडीतून शेतकरी सोडविण्यासाठी. पेढी आपली, चालक आपले, हा त्यातला अर्थ. परंतु वार्षिक सभेत काय चालते? अहवाल वाचण्याआधीच मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा पुकारा होतो आणि मंडळी जेवणाकडे वळतात. अमक्या कारखान्यास किती कर्ज दिले, तारण काय घेतले, थकले किती, हे विचारणारा एखादा उठला तर त्यासच खाली बसवितात. संचालक निवडताना जात पाहिली, भावकी पाहिली, मागच्या लग्नात आहेर किती केला तेही पाहिले. त्याचे स्वतःचे कर्ज थकले आहे काय, हे कोणी पाहिले नाही. पैसा चोरणारा दोषी खराच. पण तिजोरीची किल्ली त्याच्या हाती आपण हात वर करून दिली होती.

येत्या सभेस अहवाल आठ दिवस आधी मागून घ्या. गावात शाळा शिकलेल्या पोरी आहेत, त्यांच्याकडून थकबाकीचे पान मोठ्याने वाचून घ्या. आणि खासदार गावात येतील तेव्हा हार घालण्याआधी त्यांस विचारा की 25 जुलै 2023 रोजी आपण सभागृहात होता काय, आणि पतसंस्थेच्या ठेवीस विमा मिळावा म्हणून आपण कधी तोंड उघडले काय? लोकसभेच्या कामकाजाचा वृत्तांत छापलेला असतो. उत्तर खरे की खोटे ते पडताळता येते.

लोहाराची पावती अजून त्याच्या पत्र्याच्या पेटीत आहे. मुलीचे लग्न त्याने गेल्या उन्हाळ्यात उरकले, शेकडा तीन रुपये महिना दराने पैसे काढून.