शांघायचा महापौर कोणाचा?

शांघायचे गगनचुंबी मनोरे पाहून आपल्याकडील अनेकांचे डोळे दिपतात. २००४ च्या सुमारास मुंबईचे शांघाय करण्याची घोषणा झाली, तेव्हा त्या शहराचा कारभारी कोणाला जबाबदार असतो, हे फारसे कुणी विचारले नाही. समाजवाद्यांनी ते विचारलेच पाहिजे.

कागदोपत्री शहराची लोकप्रतिनिधी सभा महापौराला पाच वर्षांसाठी निवडते. परंतु त्या सभेचे सभासद नागरिक थेट निवडत नाहीत. खालच्या जिल्हासभा त्यांना निवडतात. महापौराचे नाव तर पक्षाने आधीच ठरवलेले असते. शिवाय महापौर हा पक्षाच्या शहर समितीचा केवळ उपचिटणीस. अंतिम शब्द चिटणीसाचा.

हे असेच चालावे, असा क्रांतीचा हेतू होता काय? फेब्रुवारी १९६७ मध्ये महापौर त्साव दीच्यू यांना पदच्युत करून शांघायमध्ये 'जनता कम्यून' जाहीर झाली. १८७१ च्या पॅरिस कम्यूनचा आदर्श तिच्यापुढे होता. पॅरिसचे प्रतिनिधी मतदारांनी निवडलेले होते आणि त्यांना परत बोलावता येत असे. पण कम्यून आली तर पक्षाचे स्थान काय, हा प्रश्न खुद्द माओंनाच पडला आणि तीन आठवड्यांच्या आतच कम्यूनचे नाव पुसले गेले. जनता आणि पक्ष यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा पक्ष निवडला गेला.

यावर उत्तर तयार असते : या पद्धतीने कर्तबगार माणसे वर येतात. १९८८ ते १९९१ या काळात महापौर असलेले झू रोंगजी कर्तबगार होते, यात वाद नाही. पण त्याच पद्धतीने छेन ल्यांगयू यांनाही आधी महापौर व पुढे चिटणीस केले. कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीच्या गैरव्यवहारात ते २००६ मध्ये पदच्युत झाले आणि २००८ मध्ये त्यांना १८ वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्या घामाचा तो पैसा, त्या कामगारांना ना त्यांना निवडता आले होते, ना हटवता आले. २०२२ च्या वसंतात सुमारे अडीच कोटींचे शहर दोन महिने कोंडले गेले; घराघरांत अन्नाची टंचाई झाली. तेव्हाचे चिटणीस ली छ्यांग मार्च २०२३ मध्ये पंतप्रधान झाले. जबाबदारी वरच्यांपाशी असली की बक्षीसही वरूनच मिळते.

म्हणून मुंबईचे गोडवे गाण्याचे कारण नाही. येथेही १८८८ च्या कायद्यापासून कार्यकारी सत्ता सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती आहे आणि मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते. फरक इतकाच की, येथे निवडणुकीची मागणी करणे हा गुन्हा नाही. तो फरक लहान नाही. पण तो टिकतो तो वापरला तरच.

मालमत्ता समाजाची झाली, पण कारभारी समाजाचा झाला नाही, तर त्याला समाजवाद म्हणता येत नाही.