करुणा घरात न्या!

रस्त्यावरून आणलेले कुत्रे पहिले काही दिवस खाटेखाली दबून बसते. नुसता हात हलला तरी अंग चोरते. मग एके दुपारी घरातल्या पोराच्या पायाशी निर्धास्त झोपते. त्याचे सुख त्या झोपेत दिसते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना भटकी कुत्री दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली. मात्र दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, ही जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. हे योग्यच झाले. परक्या वस्तीच्या तोंडाशी बिस्किटे टाकून निघून जाणे ही करुणा नव्हे. चावा तिथल्या पोरांना बसतो आणि लशीसाठी सरकारी दवाखान्यात रांग त्यांचे आईबाप लावतात.

दुसरा सवाल. हजारो रुपये मोजून 'जातिवंत' कुत्रे विकत आणायचे आणि दारातले 'गावठी' म्हणून हाकलायचे! जन्मावरून किंमत ठरवण्याची खोड माणसापाशीच थांबत नाही. हौस फिटली की ते जातिवंतही रस्त्यावर येते. जनावराची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! गळ्यातला पट्टा याहून महाग. संसदेने हा दंड वाढवलाच पाहिजे.

सजीवांविषयी करुणा हे संविधानाने सांगितलेले मूलभूत कर्तव्य आहे. पेलत असेल तरच कुत्रे घरी न्यावे. नेले तर मरेपर्यंत सांभाळावे.