खवट होणारं कोलेस्टेरॉल आणि अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल

गेल्या महिन्यात एक काका तपासणीला आले. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. एलडीएल, म्हणजे आपण ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते औषधाने ६८ वर आलं होतं. या वेळी १४२. विचारल्यावर म्हणाले, "डॉक्टर, कोलेस्टेरॉलची गोळी तीन महिन्यांपूर्वी बंद केली. आता अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घेतोय. खरा दोष कोलेस्टेरॉलचा नाही, ऑक्सिडेशनचा आहे, असं वाचलं."

काकांनी वाचलं ते अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच अनेकांना ते पटतं.

खरा भाग आधी सांगतो. डब्यातलं शेंगदाण्याचं कूट बरेच दिवस राहिलं की खवट होतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यातलं तेल बिघडतं. रक्तवाहिनीच्या भिंतीतही असंच काहीसं घडतं. रक्तात एलडीएल जास्त असलं की त्याचे कण भिंतीत शिरून अडकतात. तिथे फ्री रॅडिकल्समुळे त्यांचं ऑक्सिडेशन होतं. बिघडलेले कण पांढऱ्या पेशी अधाशासारखे गिळतात, स्वतः चरबीने फुगतात आणि त्यातूनच ब्लॉकेजची सुरुवात होते. तंबाखू, मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांमुळे हा ऑक्सिडेशनचा ताण वाढतो. त्याला आवर घालायला शरीराकडे ग्लुटाथायोनसारखी स्वतःची यंत्रणा असते. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉलही त्यात मदत करतं.

मग बाहेरून अँटिऑक्सिडंट दिले तर ब्लॉकेज थांबायला हवेत, नाही का? डॉक्टरांनाही असंच वाटलं होतं. म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' चाचणीत नऊ हजारांहून अधिक जोखमीच्या रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ई जीवनसत्त्व दिलं गेलं. साडेचार वर्षांनंतर हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. २००२ साली ब्रिटनमधल्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'चे निकाल आले. त्यात वीस हजारांवर लोक होते. ई, सी आणि बीटा कॅरोटीन पाच वर्षं घेऊनही हृदयाला फायदा दिसला नाही. त्याच अभ्यासात सिमव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या गोळीने हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी केल्या.

या कॅप्सूल निरुपद्रवी असतात, हाही गैरसमज आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन दिलं, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला.

माझं मत स्पष्ट आहे. कूट खवट होऊ नये म्हणून वरून काही मिसळत बसण्यापेक्षा ते साठूच न देणं शहाणपणाचं. भिंतीत एलडीएल कमी शिरलं, तर ऑक्सिडेशन व्हायला उरतंच कमी. 'ऑक्सिडेशन की कोलेस्टेरॉल' असा वाद घालून औषध सोडणं म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ आहे. विशेषतः ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय, त्यांनी तर हा खेळ मुळीच करू नये.

अँटिऑक्सिडंट हवेतच, पण ते ताटातून. पालेभाज्या, कडधान्यं, पेरू, आवळा, मूठभर शेंगदाणे. वडे-भजी तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद करा. रोज अर्धा तास भराभर चाला. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा.

स्टॅटिनने अंग दुखतं असं वाटलं, तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. परस्पर बंद मात्र करू नका.

काकांनी गोळी पुन्हा सुरू केली आहे. सहा आठवड्यांनी त्यांचं रक्त पुन्हा तपासू. तुमच्या घरात कोणी अशीच गोळी सोडली असेल, तर आजच विचारा.