पायांनी वाचायचे गाव

बाळापूरविषयी पुस्तकांतून जे हाती लागते ते बहुतेक किल्ल्याविषयीचे असते. औरंगजेबाचा मुलगा आजमशहा याने काम सुरू केले, अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने ते १७५७ मध्ये पुरे केले. त्याआधी १७२० मध्ये याच परिसरात निजामुल्मुल्क आणि आलमअली खान यांची लढाई झाली. एवढी माहिती घेऊन आम्ही गावात गेलो आणि ती पहिल्या तासाभरातच अपुरी पडली.

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात, उंचवट्यावर हा किल्ला आहे. पावसाळ्यात त्याला पाण्याचा वेढा पडे, हे वाचलेले होते. पण वेढा म्हणजे काय ते उतार पायांखाली आल्यावर कळते. तटाच्या पायथ्याशी, जिच्यावरून गावाला नाव मिळाले त्या बाळादेवीचे देऊळ आहे. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. देवी, रजपूत राजा, मोगल शहजादा आणि वऱ्हाडचा नवाब यांच्या खुणा पायी फिरणाऱ्याच्या एका सकाळीत बसतात. पुस्तकांत मात्र त्या वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या असतात.

तेथून बाजारात यावे. आमच्याशी बोलताना 'मले', 'तुले' म्हणणारा दुकानदार पुढच्याच गिऱ्हाइकाकडे वळून 'मेरे कू' म्हणतो. या दोन वाक्यांच्या मध्ये तो क्षणभरही थांबत नाही. ज्याला आपण वर्गात 'भाषासंपर्क' म्हणतो तो येथे मिरची तोलता तोलता चाललेला असतो.

आमचा मुद्दा येथून सुरू होतो. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) आपण वऱ्हाडी बोलीच्या सामर्थ्याचा नमुना म्हणून शिकवतो आणि त्याच तासाला विद्यार्थ्याने 'मले' म्हटले की त्याला थांबवतो. छापलेली बोली वाङ्मय आणि बोललेली बोली चूक, हा न्याय कोठला? बोली ही लेखकाने वापरलेली क्लृप्ती आहे, अशी समजूत करून घेतल्याचा हा परिणाम आहे. ती एका गावाची, एका बाजाराची रोजची भाषा आहे हे चालल्याशिवाय पटत नाही.

मराठीला हे नवे नाही. 'लीळाचरित्रा'तले चक्रधरस्वामी सतत वाटचाल करताना दिसतात. त्यांच्या वास्तव्याच्या जागा पुढे विसरल्या जाऊ नयेत म्हणून महानुभावांनी 'स्थानपोथी' रचली. कोणते देऊळ कोणत्या दिशेला, कोणाचे दार कोणीकडे, याची काटेकोर नोंद तीत आहे. श्रद्धेपोटी का होईना, गाव पायांनी वाचून शब्दांत उतरवण्याची शिस्त मराठी गद्याने अशी फार लवकर अंगी बाणवली. आपण मात्र स्थानपोथीचे नाव प्रश्नोत्तरापुरते पाठ करून घेतो.

यावर कोणी म्हणेल, अशा भटकंतीतून हौशी पर्यटकाची नजर तेवढी तयार होते. भीती खोटी नाही. छत्रीचे छायाचित्र घेऊन परतणाऱ्याला गाव कळले असे आम्हीही म्हणणार नाही. म्हणूनच आम्ही सहल सुचवत नाही, लेखन सुचवतो. वऱ्हाडातल्या प्रत्येक मराठी विभागाने विद्यार्थ्यांना एकच काम द्यावे: किल्ल्याच्या दारापासून नदीपर्यंत आणि नदीपासून बाजारापर्यंत चाला, आणि स्थानपोथीच्या काटेकोरपणे ती वाट लिहा. दिशा चुकवू नका. ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहा, प्रमाण करू नका. विशेषण शक्यतो टाळा.

असे लेखन तपासणाऱ्या शिक्षकालाही एकदा ती वाट चालावी लागेल. नाही तर दिशा बरोबर की चूक हे तो कसे ठरवणार? आणि बाजारातून फिरून आलेल्या त्या शिक्षकाचा लाल पेन 'मले' या शब्दापाशी थोडा अडखळेल, एवढीच आमची अपेक्षा आहे.