दालचिनीच्या तेलाची बाटली आधी उचलून ठेवा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आयांनो, तायांनो, साबण-उटणे करणाऱ्या बचत गटांनो, घरात दालचिनीच्या सुगंधी तेलाची छोटी बाटली असेल, तर हे वाचून होईपर्यंत ती उघडू नका.

दालचिनीची आपल्याला भीती वाटत नाही. ती मसाल्याच्या डब्यात असते, चहात असते, डोके दुखले की उगाळून कपाळाला लावली जाते. फसगत होते ती इथेच. शंभर किलो सालीतून साधारण अर्धा ते एक किलो तेल निघते. सालीत विखुरलेला सगळा जहालपणा त्या बाटलीत एकवटतो. सिनॅमाल्डिहाइड हा त्यातला मुख्य घटक. हे तेल तसेच कातडीवर पडून राहिले, तर आग होते, फोड येतात, भाजल्यासारखी जखमही होऊ शकते. थोरांना जे सोसत नाही, ते तान्ह्या बाळाला कसे सोसेल?

म्हणून आजच्या आज एवढे करा. बाटली मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा. बाळाच्या मालिशच्या तेलात एक थेंबही घालू नका. सर्दी झाली म्हणून छातीला चोळू नका. चेहऱ्याच्या लेपात, ओठांच्या मलमात घालू नका. गुलाबपाण्यात किंवा आंघोळीच्या बादलीतही टाकू नका. हे तेल पाण्यात विरघळत नाही. वेगळेच राहते आणि जसेच्या तसे अंगाला चिकटते.

चार थेंबांनी काय होते, असे वाटते ना? मग हिशेब करा. टिसरँड आणि यंग यांच्या सुगंधी तेलांवरच्या संदर्भग्रंथात सालीच्या तेलाची कातडीसाठी कमाल मर्यादा ०.०७ टक्के दिली आहे. म्हणजे १०० मिली खोबरेल तेलात जेमतेम एक थेंब. ५० मिलीच्या बाटलीत चार थेंब टाकले, की मर्यादेच्या जवळजवळ सहापट झाले. पानांच्या तेलाची मर्यादा ०.६ टक्के आहे. त्यात लवंगेतले युजेनॉल जास्त असते. दोन्ही तेले दालचिनीचीच, पण फरक आठ-नऊ पटींचा.

तेव्हा बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा. साल की पान, ते बघा. कॅशियाचे, म्हणजे चिनी दालचिनीचे, तेल आहे का, ते विचारा; तेही सालीच्या तेलाइतकेच जहाल. काहीच लिहिलेले नसेल, तर ते अंगाला लावूच नका.

दुसरा धोका उशिरा कळतो. पहिल्यांदा लावले, काही झाले नाही. काही आठवड्यांनी त्याच तेलाने खाज सुटते, पुरळ उठते. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. मग दालचिनीच्या स्वादाची टूथपेस्टही सोसत नाही. पुरळ बरे झाले तरी आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग कित्येक महिने राहतात. लग्नाला आलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर असे डाग कोणाला हवेत?

बचत गटातल्या तायांनो, हे खास तुमच्यासाठी. बचत गटांच्या साईज्योती प्रदर्शनात लोक तुमचा साबण डोळे झाकून घेतात, कारण तो तुम्ही केलेला असतो. तो विश्वास जपा. थेंब मोजू नका, काट्यावर वजन करा. वेष्टनावर दालचिनी तेलाचे नाव छापा. युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये सिनॅमाल्डिहाइड ०.००१ टक्क्याहून जास्त असेल, तर ते छापावेच लागते. आपल्याकडेही विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनवायला परवाना लागतो. अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करा. आणि उटण्याला दालचिनी हवीच कशाला? नागरमोथा, वाळा, कचोरा, गुलाबपाकळी आहेतच की!

तरीही तेल सांडलेच, तर घाबरू नका. भिजलेले कपडे काढा. कोरड्या कापडाने तेल टिपा. मग साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले, तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा आणि लगेच दवाखाना गाठा. मुलाने गिळले, तर उलटी करवू नका; तेल फुप्फुसात जाऊ शकते. १०८ ला फोन करा, बाटली सोबत न्या. पुरळ उठले, तर घरगुती लेप लावत बसू नका. जिल्हा रुग्णालयात जा, लोणीच्या प्रवरा रुग्णालयात जा, जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पण जा.

तुम्ही स्वतःच्या लेकराला जपता, तसे शेजारच्या लेकरालाही जपता, हे ठाऊक आहे. म्हणून हात जोडून सांगणे आहे: गटाच्या पुढच्या बैठकीत हे मोठ्याने वाचून दाखवा. बाळंतिणीच्या घरी जाऊन सांगा. मालिश करणाऱ्या मावशींना सांगा. आणि सांगायला निघण्याआधी आपल्या घरातली बाटली कुलपात ठेवा.