मळा कोणाचा, गाणे कोणाचे?

कलेला जात नसते, असे आम्हांला नेहमी ऐकवले जाते. ऐकवणारे बहुधा तेच असतात, ज्यांना कलेच्या दारात कधी कोणी जात विचारलेली नाही. या मंडळींपुढे आम्ही आज अमेरिकेतील एक तबकडी ठेवतो. तिचे नाव 'कलर मी कंट्री'. 1970 साली निघालेला हा अल्बम लिंडा मार्टेल या कृष्णवर्णीय गायिकेचा पहिला स्टुडिओ अल्बम, आणि तोच शेवटचाही ठरला. का ठरला, हा आमचा सवाल आहे.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांचे गाणे. ते गोऱ्यांचे, अशी समजूत जगभर रुजवली गेली. परंतु या संगीतात ज्याच्यावाचून पान हलत नाही तो बँजो गुलाम म्हणून जहाजात कोंबून आणलेल्या आफ्रिकन माणसांनी घडवला. 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी एकाच मातीतले गाणे दोन कप्प्यांत तोडले. काळ्यांचे ते 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्यांचे ते 'हिलबिली'. या हिलबिलीचेच पुढे कंट्री झाले. झरा एक आणि पाणवठे दोन! महाडचा इतिहास जाणणाऱ्या आंबेडकरी माणसाला यापेक्षा अधिक समजावून सांगायला नको.

नॅशव्हिल शहरातील 'ग्रँड ओले ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम या संगीताचा गाभारा. त्याच्या सुरुवातीच्या काळात हार्मोनिका वाजवून श्रोत्यांना वेड लावणारे डीफोर्ड बेली कृष्णवर्णीय होते. 1941 साली त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे या थोर वादकाने त्याच शहरात बूटपॉलिशच्या धंद्यावर पोट भरले. त्याच 1941 साली साउथ कॅरोलिनात लिंडा मार्टेल यांचा जन्म झाला. 1969 मध्ये त्या ऑप्रीच्या मंचावर उभ्या राहिल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय एकल गायिका. त्याच वर्षी त्यांचे 'कलर हिम फादर' हे गाणे कंट्रीच्या यादीत 22 व्या क्रमांकापर्यंत गेले. सावत्र असूनही पोरांना पोटच्या लेकरांप्रमाणे सांभाळणाऱ्या बापाचे ते गाणे.

आता ज्या कंपनीने हा अल्बम काढला तिचे नाव ऐका. प्लँटेशन रेकॉर्ड्स! प्लँटेशन म्हणजे गुलामांच्या रक्ताघामावर पिकणारे कापसाचे मळे. गुलामांच्या वंशातील एक स्त्री गाणार, आणि तिच्या तबकडीवर शिक्का कोणाचा, तर मळ्याचा! लिंडाबाईंनी मालकापाशी या नावाबद्दल नाराजी सांगितली. नाव बदलले नाही. कार्यक्रमांत श्रोत्यांमधून वंशवाचक शिव्या येत, त्या गिळून गावे लागे. थोड्याच काळात कंपनीने आपली शक्ती एका गोऱ्या गायिकेमागे लावली, आणि लिंडाबाईंची कंट्रीतील वाटचाल तिथेच खुंटली. पुढे त्यांनी आपल्या मुलखात शाळेची बसही चालवली. आवाज तोच होता, गळा तोच होता. मळा मात्र दुसऱ्याचा होता.

त्यांचे नाव नव्या पिढीला मोठ्या प्रमाणावर कळले ते 2024 मध्ये. बियॉन्से या विख्यात कृष्णवर्णीय गायिकेने 'काउबॉय कार्टर' हा अल्बम काढला आणि त्यात 82 वर्षांच्या लिंडाबाईंचा आवाज सन्मानाने घेतला. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने त्या वर्षी या अल्बमला एकही नामांकन दिले नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच अल्बमला ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा पुरस्कार मिळाला. कृष्णवर्णीय कलावंताला या विभागात मिळालेला हा पहिलाच पुरस्कार. आम्हांला त्याचा आनंद आहे. परंतु एका मानकऱ्याला पाट मांडला म्हणजे पंगतीतला भेद मिटला, असे आम्ही मानत नाही. लिंडाबाईंची गेलेली 54 वर्षे कोणता पुरस्कार भरून देणार?

अमेरिकेतील या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची माहिती मागवली होती. 1972 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने ब्लॅक पँथरचा आदर्श पुढे ठेवला. म्हणून या तबकडीकडे पाहताना आम्हांला आपल्या गायकांची आठवण होणे स्वाभाविक आहे.

प्रस्थापित कंपन्यांची आणि आकाशवाणीची वाट न पाहता आपल्या शाहिरांनी वस्त्यावस्त्यांत चळवळ गायिली. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आधी कॅसेट, मग सीडी विकत घेऊन कष्टकरी समाजाने हे गाणे जगवले. वामनदादा कर्डकांनी गाण्याच्या शेवटी आपले नाव गुंफले, म्हणून छापणाऱ्याने नाव गाळले तरी गाणे कोणाचे ते कळते. परंतु ज्यांनी गळा दिला, ज्यांनी ढोलकी वाजवली, कोरस धरला, त्यांची नावे कोठे आहेत? आज तीच गाणी मोबाइलवर लाखो लोक ऐकतात. त्यांचे हक्क कोणाकडे आहेत? म्हाताऱ्या शाहिराच्या घरी त्यातला एक रुपया तरी पोहोचतो काय?

हे सवाल इतरांना विचारण्याआधी आम्ही स्वतःला विचारले पाहिजेत. प्रत्येक जयंती मंडळाने आपल्या भागातील जुन्या गायकांची, वादकांची नावे आणि गाणी नोंदवून ठेवावीत. नव्या गायकांनी करारावर सही करण्याआधी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. लिंडाबाईंचा आवाज ऐकू यायला एका जगप्रसिद्ध गायिकेची गरज लागली. आमच्या शाहिरांसाठी आम्ही कोणाची वाट पाहत बसणार आहोत?